एका शेंगेत घर

गोठ्याच्या कोपऱ्यात दोन बूट होते. मोठे, काळे, जुने. उजव्या बुटात कोणी नव्हतं. डाव्या बुटात टिकली होती.

टिकली म्हणजे उंदरी. टिकलीएवढी, म्हणून टिकली. बुटात कापूस होता. कापसात टिकली गुडुप झोपली होती.

आले येसूबाबा. म्हणाले, "आज काट्यात जायचंय. बूट घालावेत."

त्यांनी बूट उलटा केला. झटक झटक झटक.

कापूस पडला. टिकली पडली. टिकलीची शेंग पडली. धप्प.

येसूबाबांनी बूट घातले आणि निघाले. टपाक टपाक. टपाक टपाक. टिकलीचं घर चालायला लागलं. चालत चालत फाटकाबाहेर गेलं.

तुमचं घर कधी असं चालत गेलंय का? टिकलीचं गेलं.

टिकलीला रडू आलं. थोडंसं रडली. मग थांबली, कारण रडायला वेळ नव्हता. रोज संध्याकाळी गोठ्यात काळा बोका येतो. दबक दबक येतो. त्याला उंदीर फार आवडतात. तो यायच्या आत घर हवं.

"नवं घर बांधू," टिकली म्हणाली. "किती लागेल? एक शेंग लागेल."

तिच्याकडे एकच शेंग होती. भुईमुगाची, खडखडीत वाळलेली. टिकलीला भूक लागली होती. तरी तिनं शेंग खाल्ली नाही. घरासाठी ठेवली.

मोठी माणसंही घर बांधताना असंच म्हणतात. एवढ्यात होईल, म्हणतात. मग काय होतं, ते आता बघा.

टिकलीनं शेंग काखेत घेतली आणि निघाली.

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

वर वळचणीला कुंभारीण माशी होती. ती मातीचं घर बांधते. गोल गोल, मडक्यासारखं.

टिकली म्हणाली,
"माशीमावशी, माशीमावशी, घर बांध.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागेल? ही घे शेंग."

माशी हसली. गूंऽऽ गूंऽऽ.

"एका शेंगेत घर? असं कुठं असतं का, टिकले? शेंग नको मला. मला चिखल हवा. चिखल आण, मग बांधते."

"बरं," टिकली म्हणाली. "थोडं वाढलं."

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

विहिरीपाशी मातीचा ढीग होता. लाल लाल माती. उन्हात पसरली होती.

टिकली म्हणाली,
"मातीमाय, मातीमाय, चिखल हो.
चिखल माशीला.
माशी बांधेल घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागेल? ही घे शेंग."

माती म्हणाली, भुस्स. "बघ की माझ्याकडे. कोरडी ठक्क आहे मी. फुंकलंस तर उडून जाईन. शेंग नको मला. मला पाणी हवं. पाणी आण, मग चिखल होते."

"बरं," टिकली म्हणाली. "थोडं वाढलं."

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

टिकली विहिरीच्या काठावर चढली. आत वाकून बघितलं. खूप खाली पाणी होतं. पाण्यात एक टिकली होती. तीही वर बघत होती.

टिकली म्हणाली,
"विहीरआत्या, विहीरआत्या, पाणी दे.
पाणी मातीला.
माती होईल चिखल.
चिखल माशीला.
माशी बांधेल घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागेल? ही घे शेंग."

विहीर बोलली. खोल खोल बोलली. "पाणी पुष्कळ आहे गंऽऽ. पण मी काही चढून वर येत नाही. शेंग नको मला. मला बादली हवी. बादली पाठव, मग देते."

"बरं," टिकली म्हणाली. "थोडं वाढलं."

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

बादली रहाटाशेजारी बसली होती. गळ्यात दोर होता. पोटाला पोचा होता.

टिकली म्हणाली,
"बादलीताई, बादलीताई, खाली जा.
बादली विहिरीला.
विहीर देईल पाणी.
पाणी मातीला.
माती होईल चिखल.
चिखल माशीला.
माशी बांधेल घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागेल? ही घे शेंग."

बादली वाजली. ठण्ण. "खाली मी जाईन. धबाककन जाईन. पण वर कोण ओढणार मला? तू? शेंग नको मला. मला पारूकाकू हवी. पारूकाकूला बोलाव, मग जाते."

टिकलीनं दोर ओढून बघितला. टिकली लोंबकळली. दोर हलला पण नाही.

"बरं," टिकली म्हणाली. "थोडं वाढलं."

ऊन आता गोठ्याच्या छपरावर चढलं होतं. म्हणजे संध्याकाळ व्हायला आली होती. टिकली आणखी जोरात पळाली.

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

पारूकाकू ओट्यावर होती. पारूकाकू म्हणजे येसूबाबांची सून. तिच्या मांडीवर तान्ही गोदू होती. गोदू रडत होती. ट्यँऽऽ ट्यँऽऽ ट्यँऽऽ.

टिकली म्हणाली,
"पारूकाकू, पारूकाकू, दोर ओढ.
दोर बादलीला.
बादली विहिरीला.
विहीर देईल पाणी.
पाणी मातीला.
माती होईल चिखल.
चिखल माशीला.
माशी बांधेल घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागेल? ही घे शेंग."

पारूकाकू म्हणाली, "ओढते की गं. त्यात काय एवढं. पण ही गोदू बघ, रडून रडून लाल झालीया. दूध पाजलं, गप नाही. झुलवलं, गप नाही. शेंग नको मला. गोदू हसू दे, मग येते."

"बरं," टिकली म्हणाली. या वेळी जरा हळूच म्हणाली. "खूपच वाढलं."

ती गोदूच्या पायाशी गेली. गोदूचा पाय टिकलीपेक्षा मोठा होता.

टिकली म्हणाली,
"गोदूबाळ, गोदूबाळ, हस ना गं.
गोदू सोडेल काकूला.
काकू ओढेल दोर.
दोर बादलीला.
बादली विहिरीला.
विहीर देईल पाणी.
पाणी मातीला.
माती होईल चिखल.
चिखल माशीला.
माशी बांधेल घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत."

गोदूला काही कळलं नाही. ट्यँऽऽ ट्यँऽऽ ट्यँऽऽ.

टिकली घाबरली. ऊन तर छपरावरूनही गेलं होतं. ती ओट्यावर इकडून तिकडे पळाली, तिकडून इकडे पळाली.

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

ट्यँ...

गोदू थांबली.

तुरु तुरु टिकली. खुळ खुळ शेंग.

गोदूनं मान वळवली. डोळे मोठ्ठे केले. आणि हात पुढे केला. इवली इवली बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली.

गोदूला शेंग हवी होती.

टिकलीनं शेंग घट्ट धरली. दिवसभर ती सगळ्यांना म्हणत होती, ही घे शेंग, ही घे शेंग. पण कोणी घेतच नव्हतं. आता गोदू खरोखरच मागत होती. टिकलीला तर इतकी भूक लागली होती. पोटात कावळे कोकलत होते.

टिकलीनं शेंगेचा वास घेतला. एकदाच घेतला.

मग म्हणाली, "ही घे शेंग."

गोदूनं शेंग धरली. हलवली. खुळ खुळ. पुन्हा हलवली. खुळ खुळ खुळ.

आणि गोदू हसली. ख्खी ख्खी ख्खी.

"तोंडात नाही घालायची हां," पारूकाकू म्हणाली. तिनं गोदूला पाळण्यात ठेवलं आणि पदर खोचला.

मग काय विचारता.

गोदूनं सोडलं काकूला.
काकूनं ओढला दोर. कुईं कुईं कुईं.
दोर बादलीला. बादली विहिरीला. धबाक.
विहिरीनं दिलं पाणी. बुडबुड बुडबुड.
पाणी मातीला. धो धो धो.
मातीचा झाला चिखल. पच्याक पच्याक.
चिखल माशीला. गूंऽऽ गूंऽऽ.

माशीनं आपल्या बहिणींना हाक मारली. सगळ्या आल्या. एक गोळी चिखल, ठेव. एक गोळी चिखल, ठेव. थाप थाप थाप. गव्हाणीखाली भिंत उठली. भिंत वाकली. भिंतीचं छप्पर झालं. वारा आला, फूऽऽ. घर वाळलं. टणक झालं.

"झालं घर," माशी म्हणाली. "जा आत."

टिकली आनंदानं नाचली. नाचत नाचत दाराशी गेली. नाक आत घातलं. नाक गेलं. मिशी गेली.

डोकं काही जाईना.

"मावशी," टिकली म्हणाली, "हे दार कुणाच्या मापाचं?"

"माझ्या," माशी म्हणाली. "मी नेहमी माझ्याच मापाचं करते."

माशीचं दार मुगाच्या दाण्याएवढं होतं. आणि इतक्यात...

दबक दबक. दबक दबक.

काळा बोका आला.

गोठ्याच्या दारात दोन हिरवे डोळे चमकले. आता चिखल आणायला वेळ नाही. बादलीकडे जायला वेळ नाही. पारूकाकूला बोलवायला वेळ नाही.

पण टिकलीकडे दात होते. ते तर तिचेच होते. ते मागायला कुणाकडे जायचं नव्हतं.

कुरतुड कुरतुड.

दबक दबक.

कुरतुड कुरतुड कुरतुड.

दार केवढं करायचं? लहान झालं तर टिकली बाहेर. मोठं झालं तर बोका आत. टिकलीला एकच माप ठाऊक होतं. दिवसभर काखेत धरलेलं. एका शेंगेएवढं.

दबक दबक दबक.

कुरतुड कुरतुड कुरतुड. बास. झालं शेंगेएवढं.

सुळ्ळकन टिकली आत गेली. शेपूट मागे राहिलं. बोक्यानं पंजा मारला.

शेपूटही आत गेलं.

बोक्यानं दारात पंजा घातला. पंजा जाईना. दुसरा पंजा घातला. तोही जाईना. मग नाक लावून म्हणाला, "टिकले, बाहेर ये ना जरा."

"आता नाही जमायचं," टिकली आतून म्हणाली. "आता मला घर आहे."

बोका बसला. बसून बसून कंटाळला. मग गेला. टिकली उपाशीच झोपली, पण झोपली आपल्या घरात. गुडुप.

सकाळी पारूकाकू आली. कडेवर गोदू होती. गोदूच्या हातात शेंग होती. खुळ खुळ.

"आज घरभरणी," पारूकाकू म्हणाली. "नवं घर रिकामं ठेवू नये बाई." तिनं मूठ उघडली आणि दारात ओतली. मुठीत काय होतं? शेंगा.

टिकलीनं एक शेंग उचलली. दारातून बरोब्बर आत गेली. दुसरी गेली. तिसरी गेली. घर भरलं. मग टिकलीनं एक शेंग फोडली आणि खाल्ली. कुट्टुम कुट्टुम. आणखी एक खाल्ली.

येसूबाबा आले. टपाक टपाक. खाली वाकून म्हणाले, "माझ्या बुटात तूच राहायचीस व्हय? मला काय ठावं. ये की परत."

"नको बाबा," टिकली म्हणाली. "ते घर चालायला लागतं. हे जागेवर बसतं."

वळचणीवरून माशी खाली आली. गूंऽऽ गूंऽऽ. "टिकले, मग शेवटी किती लागलं गं घराला?"

टिकली म्हणाली,
"शेंग गोदूला.
गोदूनं सोडलं काकूला.
काकूनं ओढला दोर.
दोर बादलीला.
बादली विहिरीला.
विहिरीनं दिलं पाणी.
पाणी मातीला.
मातीचा झाला चिखल.
चिखल माशीला.
माशीनं बांधलं घर.
घर टिकलीला.
बोका यायच्या आत.
किती लागलं? एक शेंग."

माशीनं पायांवर मोजलं. परत मोजलं. तिला मुळीच हसू आलं नाही.

"खरंच की गं," माशी म्हणाली. "एका शेंगेत घर झालं."

शेंग गोदूच्या मुठीत,
टिकली आपल्या घरट्यात,
आणि तुम्ही आता पांघरुणात.