भयमुक्त जंगलातला पाठलाग

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास करवंदीच्या जंगलात एका बिबट्याने हरणाच्या एका पाडसाचा पाठलाग सुरू केला. दोघेही चालत होते.

बिबट्या साधासुधा नव्हता. ते करवंदीचे निवडून आलेले राजे रणधीरराव होते. पाडसाचे नाव चिंगू. त्याच्या शेजारून त्याची आई सावळी चालत होती आणि आजूबाजूने सगळा कळप. पळत मात्र कुणीच नव्हते. गेल्या निवडणुकीपासून करवंदीत कुणी पळालेले नाही.

त्याआधी तिथे सगळेच पळत. हरणे वाऱ्याकडे नाक करून चरत. त्यांच्या डोक्यावर, झाडांत, वानरे बसत. वानरांना लांबचे दिसे, हरणांना लांबचा वास येई. वानरे पाला खाताना निम्मा खाली सांडत, तो हरणे खात. बिबट्या आला की ज्याला आधी कळे तो ओरडे आणि दोन्ही जमाती वाचत. या कामाचा कुणाला पगार नव्हता. एखादे हरीण कमी पळे, तेव्हा बिबट्याचेही भागे. व्यवस्था जुनी होती आणि तिच्यात घाम फार होता.

मग निवडणूक आली. रणधीररावांनी एकच आश्वासन दिले: भीती संपवतो. सभेत मागून कुणीतरी विचारले, "भीती कुणाची, साहेब?" त्याच वेळी टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यामुळे उत्तर ऐकू आले नाही.

निवडून आल्यावर त्यांनी शब्द पाळला. शहराच्या बाजूने गळ्यात घालायचे पट्टे आले. पट्टा फुकट होता, फक्त काढता येत नव्हता. तो छातीचे ठोके मोजी. ठोके संथ असले की त्यावर हिरवा दिवा लागे, वाढले की लाल. शिवाय पट्टा बोले. "आपण सुरक्षित आहात," असे तो दिवसातून बऱ्याचदा सांगे.

पट्ट्याचे उद्घाटन प्रसिद्धीमंत्री नीलकंठपंत या मोराने पिसारा फुलवून केले.

"बंधुभगिनींनो," पंत म्हणाले, "आपल्याला भीती वाटते की नाही, हे आजवर तुमचं तुम्ही ठरवत होता. किती हे मागासलेपण! यापुढे ते पट्टा ठरवेल. वास घ्यायला नको, कान टवकारायला नको. पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या नाकांना आज आपण निवृत्ती देत आहोत. बोला, भयमुक्त..."

"करवंदी!" सगळे जंगल ओरडले.

ओरडण्याने ठोके वाढून निम्म्या जंगलाचे दिवे लाल झाले. पहिलाच दिवस म्हणून ते सोडून देण्यात आले. त्यानंतर घोषणा कुजबुजत द्याव्यात असा नियम झाला.

ज्या कळपाचे दिवे दिवसभर हिरवे, त्या कळपाला संध्याकाळी जागेवर पेंडीच्या वड्या मिळू लागल्या. वडी गोडसर होती आणि चावावी लागत नसे. मात्र एकाचा जरी दिवा लाल झाला, तरी सगळ्या कळपाच्या वड्या बंद. आता पळाले की ठोके वाढतात. म्हणून पळणे बंद झाले. मग उडी बंद झाली. नरांच्या शिंगांच्या झुंजी बंद झाल्या. त्यांनी समोरासमोर बसून एकमेकांच्या शिंगांचे कौतुक करावे, असे ठरले.

बसून बसून पोटे सुटली. दगडधोंड्यांवर झिजणारे खूर झिजेनासे झाले आणि पुढून वर वळले. सरकारने तातडीने खूर कुरतडण्याची योजना आणली आणि ते काम साळिंदराला दिले. साळिंदर जवळ आले की त्याचे काटे बघून दिवे लाल होत, म्हणून योजना जाहीर झाली तिथेच थांबली. सकाळी पट्टा सांगे, "आज टेकडीवर सुंदर वारा आहे." हरणे सावलीत पडल्या पडल्या ते ऐकत आणि त्यांना बरे वाटे.

कायदा सर्वांना समान होता. पट्टा राजांनाही होता. एवढेच नव्हे, तर राजांच्या छातीशी जोडलेला एक मोठा दिवा जंगलातल्या सगळ्यात उंच वडावर लावला होता, म्हणजे राजा कशालाही घाबरत नाही हे प्रजेला कुठूनही दिसावे. तो दिवा एकदाही लाल झालेला नव्हता. पुढच्या निवडणुकीचा सगळा प्रचार त्या दिव्यावर उभा होता.

राजांना पळायची गरजही नव्हती. त्यांचे मांस शहराच्या बाजूने डब्यातून येई. रणधीरराव इतके सुखावले की त्यांच्या अंगावरचे ठिपके एकमेकांपासून लांब गेले.

रविवारी डबा आला नाही. सोमवारीही आला नाही. शहराकडून कारण कळवण्यात आले नाही. मंगळवारी सकाळी राजे गुहेबाहेर आले, आणि समोर पहिले दिसले ते चिंगू.

हे सगळे लखमाजी नावाच्या म्हाताऱ्या वानराने ऐनाच्या झाडावरून पाहिले. त्याचे तोंड सवयीने उघडले. त्याने ते मिटून घेतले. मागच्या वर्षी बिबट्या दिसताच तो ओरडला होता, तेव्हा चौकशी झाली. ओरडण्याआधी सगळ्या हरणांचे दिवे हिरवे होते, ओरडल्यानंतर लाल झाले. म्हणजे भीती बिबट्यामुळे नव्हे, ओरडण्यामुळे निर्माण झाली, असा निष्कर्ष निघाला. तेव्हापासून परवानगीशिवाय ओरडणे ही अफवा ठरते.

लखमाजी खालच्या फांदीवर उतरला. तिथे नीलकंठपंत पिसे साफ करत बसले होते.

"पंत, बिबट्या आलाय. ओरडू का?"

"राजे म्हणावं. आणि आलेत म्हणावं."

"राजे आलेत. ओरडू?"

"का? फिरायला निघालेत ते. तब्येतीकडे लक्ष नको का द्यायला?" पंतांनी मान वळवून वडाकडे पाहिले. "दिवा बघ. हिरवागार. मनात काही असतं तर लाल झाला नसता?"

"पण समोर पोर आहे हो."

"त्याचा कोणता आहे?"

"हिरवा."

"मग तक्रार कुणाची आहे?"

तिकडे राजे पावले टाकत होते. जरा भरभर चालले की छाती धडधडायला लागे आणि वडावरचा दिवा पिवळट दिसू लागे. पाडसामागे जाताना राजाचा दिवा लाल झाला तर जंगल काय म्हणेल? राजा पाडसाला घाबरला म्हणेल. म्हणून ते पुन्हा वेग कमी करत.

"सावळे," राजे म्हणाले, "थांब की जरा. ख्यालीखुशाली विचारायची होती."

"विचारा ना, सरकार. चालता चालता ऐकते मी."

"पोर गोंडस आहे हो तुझं."

"कसलं गोंडस! हाडं आहेत नुसती."

"छे, चांगलं भरलंय. वड्यांवर वाढलंय ना?"

"वड्यांवरच, सरकार. आतून अगदी पोकळ आहे."

"असू दे, असू दे," राजे प्रेमाने म्हणाले. "आमच्या योजनेतूनच घडलंय ते. आम्हाला जवळून बघू तर दे."

सावळीने पाऊल लांब टाकले. तिचे वळलेले खूर एकमेकांत अडकले आणि ती अडखळली. तिचा दिवा क्षणभर पिवळा झाला. तसे कळपातली सगळ्यात वडीलधारी हरिणी, जिला सगळे आत्याबाई म्हणत, ती जवळ आली.

"सावळे, दिवा सांभाळ गं बाई. आज गुळाच्या वड्या आहेत."

"आत्याबाई, मागं कोण आहे ते बघा."

"बघितलं की. केवढे शांत दिसतात! उगाच शंका घेऊ नये माणसाने... म्हणजे हरणाने."

"त्यांनी चिंगूला धरलं तर?"

"धरलं तर धरलं. पण तू पळालीस तर आख्खा कळप उपाशी. अंगावर पोरं आहेत इथं सगळ्यांच्या." आत्याबाईंनी आवाज आणखी खाली आणला. "आणि पळून जाशील कुठं? खायला काय मिळणार तिकडं? गवत?"

हा शब्द ऐकून दोघीतिघींनी तोंड वाकडे केले.

ओढ्याच्या कोरड्या पात्रापाशी राजांना दम लागला आणि ते बसले. चिंगूलाही दम लागला होता, तेही बसले. दोघांमध्ये एका उडीचे अंतर होते. उडी दोघांनाही येत नव्हती.

"आई," चिंगू म्हणाले, "हे आपल्याला खाणार आहेत का?"

"हळू बोल."

"पट्टा म्हणतो मी सुरक्षित आहे."

"पट्ट्याला नाक नाही."

"मला आहे?"

"हे काय, डोळ्यांच्या खाली. जरा आत ओढ."

चिंगूने श्वास आत ओढला. आधी त्याला काहीच कळले नाही. मग पात्राच्या पलीकडून, टेकडीवरून, वाऱ्याची एक झुळूक आली आणि राजांच्या अंगाला वळसा घालून परत फिरली. त्या वासाचे नाव त्याला ठाऊक नव्हते. तो वास त्याने जन्मात घेतला नव्हता. तरी त्याच्या पाठीवरचे सगळे केस उभे राहिले.

"आई, माझ्या पायांना काहीतरी होतंय."

"काय होतंय?"

"ते माझं ऐकत नाहीयेत. थांबवू का त्यांना?"

सावळीने स्वतःच्या खुरांकडे पाहिले. त्या खुरांवर तिला चार उड्याही जमल्या नसत्या. चिंगूचे खूर अजून लहान होते, वळायचे होते. ते गेले असते तर एकटे गेले असते, आणि टेकडीपलीकडे काय आहे हे तिला नीट आठवतही नव्हते. मागे राजे उठत होते. आधी पुढचे पाय, मग बऱ्याच वेळाने मागचे.

"सावळे!" आत्याबाई ओरडल्या, कुजबुजत. "गुळाच्या आहेत!"

"नको थांबवू," सावळी चिंगूला म्हणाली आणि तिने त्याला मागून जोरात ढुशी दिली.

चिंगू तोंडावर पडले. उठले, पुन्हा पडले. तिसऱ्यांदा उठले ते थांबलेच नाही. वाळूत त्याचे पाय वेडेवाकडे पडत होते, पण पुढे पडत होते. त्याच्या गळ्यातला दिवा लालभडक झाला. "आपण सुरक्षित आहात, आपण सुरक्षित आहात," असे ओरडत पट्टा त्याच्याबरोबर टेकडीकडे गेला.

लाल दिवा लागल्यानंतर ओरडायला परवानगीची गरज नसते, कारण मग इशारा अधिकृत होतो. लखमाजीने झाडाच्या शेंड्यावर जाऊन वर्षभराचे सगळे एकदम ओरडून घेतले. त्यासरशी कळपाचे सगळे दिवे लाल झाले. हरणे घाबरली आणि जागच्या जागी उभी राहिली. पळायचे कसे, हे कुणाला आठवेना.

राजांनी दोन पावले भरभर टाकली. "महाराज, दिवा!" नीलकंठपंत किंचाळले. राजे थबकले.

दुपारी मंत्रिमंडळाची तातडीची बैठक झाली. बैठकीनंतर पंतांनी निवेदन केले. भयमुक्त करवंदीत भीतीची नोंद होणे शक्य नाही, तरीही ती झाली आहे, याचा अर्थ ती बाहेरून आली आहे. घटनेच्या वेळी टेकडीपलीकडून वारा आला होता, असे प्रत्यक्षदर्शींनी सांगितले आहे. कोवळ्या पाडसाच्या नाकात भीती भरणाऱ्या या वाऱ्याची गय केली जाणार नाही.

"पण त्या वेळी पाडसाच्या मागे कोण होतं?" झाडावरून लखमाजीने विचारले.

"संपूर्ण सरकार त्याच्या मागे होतं," पंत म्हणाले. "खंबीरपणे."

प्रकरणाच्या चौकशीसाठी एकसदस्यीय समिती नेमण्यात आली आहे. घटनेच्या सर्वांत जवळ रणधीरराव होते आणि त्यांचा दिवा अखेरपर्यंत हिरवा होता, म्हणून अध्यक्षपद एकमताने त्यांच्याकडे गेले. पाडसाचा जबाब घेतल्याशिवाय सत्य बाहेर येणार नाही, असे अध्यक्षांचे मत पडले. जबाब एकांतात घ्यावा लागेल, असेही त्यांनी सांगितले. कामाची निकड लक्षात घेऊन ते न जेवताच निघाले.

संध्याकाळी वड्या आल्या नाहीत. हरणांच्या कळपाने अंधार पडायच्या आत ठराव केला. चिंगूने परत यावे, शांत व्हावे, अध्यक्षांना सहकार्य करावे, म्हणजे चौकशी लवकर संपून वड्या सुरू होतील, असे आवाहन त्यात आहे. ठराव आत्याबाईंनी मांडला. सावळी सभेला नव्हती. ती ओढ्याच्या पात्रातल्या काळ्या खडकावर पुढचा डावा खूर घासत होती. त्यातून रक्त येत होते. मध्येच थांबून ती काठावरचे गवत तोंडात घेई, थुंकून टाकी आणि पुन्हा घेई. तिचा दिवा लाल आहे.

शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा चिंगू टेकडीच्या माथ्यावर दिसले होते. ते उभे होते की बसले होते, हे खालून कळत नव्हते. अध्यक्ष पायथ्याशी पोहोचले आहेत. चौकशी शांततेत सुरू असल्याचे सरकारने कळवले आहे.