अक्काबाई आणि शेजारणीची वाटी

एकदा काय झालं, अक्काबाई गाढवावर बसून घर शोधायला निघाली. अक्काबाई ठाऊक आहे ना? ती ज्या घरात शिरते त्या घरी दारिद्र्य येतं. चिंगे, पाय आत घे पांघरुणात, मगच पुढचं सांगेन.

तर अक्काबाईची एक खोड होती. तिला बसायला लागायची शेजारच्या घरून आलेली रिकामी वाटी. चिंचोक्याएवढी व्हायची आणि वाटीत शिरायची. एका घरात तीन दिवस तशी वाटी मिळाली, की बारा वर्षं मुक्काम. मग कुणाच्या बापाला हलायची नाही, बरं का.

पण बोरखडी गावात तिची पंचाईत झाली. तिथली रीत अशी, की शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. आमटी आली तर गूळ जायचा, गूळ आला तर चार मिरच्या. अक्काबाई टेकली रे टेकली, की डोक्यावर मिरच्या.

त्याच गावात सगुणा कुंभारीण राहायची, दोन पोरींना घेऊन. एके दिवशी गारा पडल्या आणि तिची वाळत घातलेली सगळी मडकी विरघळून चिखल झाली. विकायला काही उरलं नाही. शेजारणींनी लगेच वाट्या धाडल्या. लोहारणीच्या कण्या, कोष्टिणीचं पिठलं, तेलीण चिमाकाकूची आंबील. पोरी पोटभर जेवल्या. सगुणा मात्र ओशाळली. आता वाट्यांत घालायचं काय? मग तिनं त्या घासल्या, फळीवर ठेवल्या आणि दार लावून घेतलं. कुणी हाक मारली तरी ओ देईना.

इथंच चुकलं बाईचं. अक्काबाईनं गाढव बाहेर उभं केलं, फटीतून शिरली आणि वाटीत ऐसपैस बसली. एक दिवस गेला. दुसरा गेला. पोरी भुकेनं रडायला लागल्या, तेव्हा सगुणाच्या पोटात तुटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली. परसातल्या चिंचेचा कोवळा पाला ओरबाडला आणि लोहारणीच्या वाटीत भरला. अक्काबाई शिंकत दुसऱ्या वाटीत गेली. मग सगुणानं चिखलाची इवली इवली बोळकी केली, कोष्टिणीच्या लेकीला खेळायला, आणि त्या वाटीत मांडली. अक्काबाई चेंगरत तिसऱ्या वाटीत गेली. आता मात्र ती हसली. कारण पाला संपला होता, चिमाकाकूकडे बोळक्यांनी खेळणारं पोर नव्हतं आणि घरात घालण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

सगुणा ती वाटी घेऊन बराच वेळ उभी राहिली. लाजेनं तिला रडू येत होतं. शेवटी तशीच गेली चिमाकाकूच्या दारात.

"काकू, वाटी रिकामीच आणलीय. घरात दाणा नाही. पोरी उपाशी आहेत."

चिमाकाकू तोंडाची फटकळ. म्हणाली, "आणि तू दार लावून बसलीस होय? अगं, वाटी फिरती राहावी म्हणून ती रीत. तुला घरात कोंडायला नाही. आण इकडे."

आणि तिनं चुलीवरची रटरटती आंबील वाटीत ओतली.

अक्काबाई अशी पोळली, की उडी मारून जी पळाली ती थेट डोंगरापलीकडे. गाढव न्यायचंसुद्धा भान राहिलं नाही तिला. ते सगुणाच्या दारातच राहिलं आणि पुढं जन्मभर तिची माती वाहत राहिलं. मग नवी मडकी झाली, शेजारणींनी भट्टीला गोवऱ्या आणून दिल्या आणि पोरी पुन्हा कधी उपाशी निजल्या नाहीत.

चला, निजा आता. पलीकडच्या मावशींची वाटी आलीय आपल्याकडे. सकाळी ती कोण नेणार आणि तिच्यात काय घालणार, ते डोळे मिटून ठरवा.