सांगलीत घेतलेली बोट लागण्याची गोळी

हळदीच्या एका व्यापाऱ्याने एकदा समुद्राची धास्ती घेतली, आणि ती घेतली तेव्हा तो समुद्रापासून पुष्कळ दूर, सांगलीत, आपल्या पेढीच्या गादीवर बसलेला होता.

सुकुमार आवटी त्याचे नाव. वय त्रेपन्न, प्रकृती दणकट, स्वभाव घाईचा. पुण्याला नोकरीस असलेल्या मुलाने आईवडिलांना आणि आजीला क्रूझची तिकिटे काढून दिली होती. मुंबईहून निघायचे, लक्षद्वीप पाहायचे आणि पाचव्या दिवशी परतायचे. आजीचे, म्हणजे सुकुमारशेठांच्या आईचे, वय अठ्ठ्याहत्तर. तिने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिला सर्वजण अक्का म्हणत. अक्कांनी जाण्याच्या तीन आठवडे आधीच पातळे घडी करून पिशवीत भरली होती.

सर्व आनंदात चालले असताना मार्केट यार्डातल्या एका व्यापाऱ्याने सुकुमारशेठांना गाठले. तो असाच एकदा बोटीने गेला होता. "काय सांगू शेठ, बोट लागली ती लागली. तीन दिवस मी छताकडं बघत पडलो. बायको जेवून यायची आणि मला मेनू सांगायची." त्या दिवसापासून सुकुमारशेठांच्या तोंडची चव गेली.

पेठेत त्र्यंबकराव सोवनी यांचे औषधांचे दुकान होते. त्र्यंबकराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, शांत आणि चिकित्सक. त्यांच्या हाताखाली रेवती घोरपडे नावाची तरुणी दोन वर्षे काम करीत होती. औषधनिर्माणशास्त्राची पदवी तिने प्रथम श्रेणीत मिळवली होती आणि येत्या दिवाळीपाडव्यापासून दुकान तिच्या हाती द्यायचे ठरले होते. गुरूंविषयी तिला आदर होता. परंतु त्यांच्या एका सवयीने तिचे डोके तापत असे. माणूस औषध मागू लागला की त्र्यंबकराव त्याला प्रश्न विचारू लागत, आणि ते संपत नसत.

निघण्यास दहा दिवस उरले असताना, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी, सुकुमारशेठ दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"काका, बोट लागू नये म्हणून सगळ्यात चांगली गोळी कोणती, ती द्या."

"कोणासाठी?"

"आमच्यासाठी. क्रूझला चाललोय. मी, ही आणि अक्का."

"अक्कांचं वय काय आता?"

"अठ्ठ्याहत्तर. काका, मागं माणसं उभी आहेत."

"उभी राहू देत. तुम्हाला दुसरं काही औषध चालू आहे?"

"बीपीची एक गोळी. तुमच्याकडनंच नेतो की!"

"आणि अक्कांना?"

"काही नाही. डोळ्यांत थेंब घालते, बास."

"कसले थेंब?"

"डोळ्यांचे!" सुकुमारशेठांचा आवाज चढला. "काका, मी गोळी मागतोय, तुमची मुलगी नाही. इतकी चौकशी कशाला?"

मागचे दोघे हसले. तिसरा निघून गेला. रेवतीने त्याला जाताना पाहिले आणि ओठ घट्ट मिटले.

"माझ्या मित्रानं नाव लिहून दिलंय," असे म्हणत शेठांनी खिशातून चिठ्ठी काढली. "सगळ्यात जोरदार ही. एक घेतली की खाली समुद्र आहे हे कळतसुद्धा नाही म्हणतो."

त्र्यंबकरावांनी चिठ्ठी वाचली. मग त्या गोळ्यांचे पाकीट काढून कात्रीने त्यातली एकच गोळी कापली आणि शेठांच्या हातावर ठेवली.

"ही रविवारी दुपारी, जेवणानंतर घ्या. तुम्ही एकट्यानं. वहिनींना नाही, अक्कांना तर मुळीच नाही. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, घरीच बसायचं. सोमवारी येऊन काय झालं ते सांगा. आणि येताना त्या थेंबांची बाटली आणा."

सुकुमारशेठ हातातल्या गोळीकडे पाहत राहिले. "रविवारी? रविवारी मी सांगलीत आहे."

"म्हणूनच."

"अहो, सांगलीत मला बोट कशी लागेल? कृष्णेला घोट्याएवढं पाणी आहे!"

"घेऊन बघा."

शेठ तणतणत गेले. दुकान रिकामे होताच रेवतीला राहवले नाही.

"सर, एका गोळीला वीस मिनिटं लागली. चार गिऱ्हाईकं परत गेली. समोरच्या नव्या दुकानात दोन मिनिटांत दहा गोळ्या मिळतात. आणि बोटीची गोळी जमिनीवर घ्यायला सांगून कळणार काय? उलटी थांबते का ते तर बोटीवरच कळेल ना?"

"उलटीचं बोटीवर कळेल," त्र्यंबकराव म्हणाले आणि उरलेले पाकीट जागेवर ठेवू लागले.

ह्या उत्तराने तिचा संताप अधिकच वाढला. ज्येष्ठांनी अर्धे बोलून थांबावे आणि धाकट्यांनी उरलेले अर्धे शोधत बसावे, हा प्रकार फार त्रासदायक असतो. ज्यांनी कोणाच्या हाताखाली काम केले आहे त्यांना हे सांगायला नको.

रविवार उजाडला. सुकुमारशेठांनी दुपारी दोन वाजता, पत्नी सुनंदा समोर उभी असताना, ती गोळी घेतली. अर्धा तास काही झाले नाही. "बघ, साखरेची गोळी दिलीय म्हाताऱ्यानं," असे म्हणून ते झोपाळ्यावर बसले. तीन वाजता त्यांच्या हातातले वर्तमानपत्र खाली पडले.

दर रविवारी चार वाजता अक्का बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला जात. घराला पाच दगडी पायऱ्या होत्या. अक्कांना त्या उतरवत नसत म्हणून सुकुमारशेठ त्यांचा हात धरून त्यांना खाली आणीत आणि बस्तीपर्यंत सोबत जात. त्या दिवशी अक्का पांढरे पातळ नेसून उंबऱ्यापाशी उभ्या राहिल्या.

"सुकुमार, येतोस ना?"

"आलो," झोपाळ्यावरून उत्तर आले.

थोड्या वेळाने पुन्हा, "सुकुमार."

"आलो, आलो."

असे चार वेळा झाले. चारही वेळा शेठांनी उत्तर दिले आणि एकदाही ते उठले नाहीत. अखेर शेजारची सून आली आणि अक्कांना हळूहळू खाली घेऊन गेली. सुनंदाबाईंनी नवऱ्याला गदागदा हलवले, त्यांनी डोळे उघडले, "उतरलो का?" असे विचारले आणि कूस बदलली.

जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. तोंडाला कोरड पडली होती, डोके जड झाले होते आणि पोटात भुकेने कावळे ओरडत होते. परंतु सूर्य मावळला होता, आणि सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नेम त्या घरात तीन पिढ्या चालत आलेला होता. शेठ ताटाकडे पाहत बसले. अक्का मात्र रागावल्या नव्हत्या. "दमला असशील रे," एवढेच त्या म्हणाल्या. ते वाक्य शेठांना भुकेपेक्षा अधिक टोचले.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ते पायरीवर हजर होते.

"काका, ही काय गोळी दिलीत? चार तास मेल्यासारखा पडलो. तुमच्यापायी मला उपास घडला! अक्का दारात उभी राहून हाका मारत होती आणि मी नुसता आलो, आलो म्हणत होतो. बायको कालपासनं हसतीय!"

"बसा," त्र्यंबकराव म्हणाले. "बोट लागल्यासारखं काही झालं?"

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही. शेठ, ही गोळी वाईट नाही. ज्याला दिवसभर बिछान्यावर पडून प्रवास काढायचा आहे आणि ज्याच्यावर कोणी अवलंबून नाही, त्याला मी हीच देईन. तुम्ही मला सगळ्यात चांगली गोळी विचारलीत. गोळ्या मला पाठ आहेत, पण तुमचा रविवार मला माहीत नव्हता. तो तुम्हालाही माहीत नव्हता. बोटीवर जिने असतात, आणि ते हलतात. तिथं अक्कांनी हाक मारली असती आणि तुम्ही आलो म्हणून झोपला असता, तर शेजारची सून तिथं नसती. औषध एकाच्या पोटात जातं, शेठ, पण त्याचा परिणाम घरातल्या सगळ्यांवर होतो. म्हणून ते आधी घरच्या ओट्यावर बसून घेऊन पाहावं."

 काही आठवून सुकुमारशेठांनी खिशातून थेंबांची बाटली काढली. त्र्यंबकरावांनी चष्मा वर सरकवून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचली आणि बाटली हळूच काचेवर ठेवली.

"अक्कांना काचबिंदू आहे?"

"डॉक्टर तसंच काहीतरी म्हणाले होते. डोळ्यात दाब वाढतो म्हणे."

"अशा लोकांना बोट लागण्याच्या बहुतेक गोळ्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायच्या नसतात. काही प्रकारच्या काचबिंदूत तो दाब एकदम वाढू शकतो. दृष्टी जाऊ शकते."

शेठांनी सावकाश दुसऱ्या खिशात हात घातला. त्यातून त्याच गोळ्यांचे एक अख्खे पाकीट निघाले.

"त्या दिवशी तुमच्यावर चिडून समोरच्या दुकानातनं घेतलं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांनी काही विचारलं नाही. बोटीत चढताना अक्काला पहिली गोळी द्यायची असं ठरवलं होतं. म्हटलं, तिला त्रास नको."

 रेवती त्या पाकिटाकडे पाहत राहिली. त्या संध्याकाळी गल्ल्यापाशी ती एकटी असती तर तिनेही ते दोन मिनिटांत दिले असते, आणि वर पिशवीही दिली असती.

त्र्यंबकरावांनी कोणालाच बोल लावला नाही. त्यांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी अक्कांना गोळी साफ नाकारली. मग त्र्यंबकरावांनी शेठांच्या पुण्यातल्या मुलाला सांगून खोली बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागून घ्यायला लावली. तिथे हेलकावे कमी जाणवतात. अक्कांनी हलके खावे, उघड्या हवेत बसावे, दूरच्या क्षितिजाकडे नजर ठेवावी, असे त्यांनी लिहून दिले.

"आल्याचा तुकडा चघळायला दिला तर?" रेवतीने विचारले. त्या दिवशी ती प्रथमच बोलली.

"अक्का कंद खात नाही," शेठ म्हणाले. "सुंठ चालते."

"मग सुंठ द्या."

शेवटी त्र्यंबकरावांनी दुसऱ्या, सौम्य गोळ्यांचे पाकीट काढले. त्या शेठांच्या बीपीच्या गोळीबरोबर चालतात याची खात्री केली आणि कात्रीने दोन गोळ्या कापल्या. "ही बुधवारी. एक तुम्ही घ्या, एक वहिनींना. हिनंही काहींना गुंगी येते."

"पुन्हा?" शेठ जवळजवळ ओरडलेच.

"पुन्हा. मात्र या वेळी सकाळी घ्या, म्हणजे जेवण चुकणार नाही. ठीक वाटली तर बोटीवर निघण्याच्या तासभर आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही."

बुधवारी शेठांच्या तोंडाला थोडी कोरड पडली, बाकी काही झाले नाही. ते दिवसभर पेढीवर जागे होते आणि ते त्यांनी स्वतःचाच पराक्रम असल्यासारखे सर्वांना सांगितले. सुनंदाबाईंनाही काही त्रास झाला नाही.

सफरीहून परत आल्यावर ते दुकानात आले. चेहरा उन्हाने रापला होता.

"पहिले दोन दिवस समुद्र शांत होता, काका. तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. बोट अशी डोलायला लागली की टेबलावरचे पेले सरकायचे. मला जरा कसंसं होत होतं, पण उभा होतो. ही ठीक होती. अक्काला मात्र दोनदा उलटी झाली. मी कपाळ धरून बसलो. तोंड पुसलं, पाणी दिलं, सुंठ दिली. तर मला म्हणते कशी, 'तुझे वडील असते ना, तर आधी तेच आडवे झाले असते.' आणि हसायला लागली. मी म्हटलं, अक्का, खाली जाऊन पडू या. तर म्हणाली, 'नको, आता बघू दे मला.' माझा हात धरून जी बसली ती ऊन उतरेपर्यंत. एक शब्द बोलली नाही. नुसती बघत होती."

शेठ नमस्कार करून गेले.

रेवती बराच वेळ विचार करीत होती. शेवटी म्हणाली, "सर, एक विचारू? एवढं सगळं करून अक्कांना उलटी झालीच की."

"झाली."

"मग आपण नक्की केलं काय?"

त्र्यंबकरावांनी कात्री खणात ठेवली. "तिला उलटी झाली तेव्हा तिचा मुलगा जागा होता."

 दुकानासमोर चारजण ताटकळत उभे होते आणि त्यातला एक घड्याळाकडे पाहून चुळबुळ करीत होता. रेवतीने त्यालाच प्रथम बोलावले आणि त्याच्यासाठी स्टूल पुढे सरकवले.