कावडीच्या दोन घागरी

गावात नळ नव्हते तेव्हाची गोष्ट. म्हादू पाणक्याच्या कावडीला दोन टोकांना दोन घागरी टांगलेल्या असायच्या, थोरली आणि धाकटी. कुंभाराच्या भट्टीत अंगाला अंग लावून भाजलेल्या बहिणी, आता नुसत्या लांबून एकमेकींकडं बघायच्या.

एकदा चढावर धाकटीला राहवलं नाही. झोके घेत तिनं आपली दोरी दांड्याच्या खाचेतून काढली आणि आत सरकली.

"आक्का, आले गं!"

पाणी तेवढंच होतं, पण खांद्याजवळ येताच तिचा भार कमी पडला. दांडा कलला आणि थोरली दगडांकडं खाली जाऊ लागली.

"मागं हो, अवदसे! तू जवळ आलीस की मी फुटते."

"मग तूही सरक की इकडं!"

"दोघी सरकलो तरी मध्ये म्हादूचा खांदा आहेच, बये."

म्हादूनं दोन्ही हातांनी दांडा सावरला, तशी धाकटी रडत परत टोकाला जाऊन बसली. थोरली वाचली.

त्या दिवसापासून चालताना धाकटी मुद्दाम पाणी हिंदकळवायची. पलीकडून थोरलीही हिंदकळवायची. पाणी सांडतं म्हणून म्हादू कुरकुरायचा. सांडू दे की मेल्या! तेवढंच तर बोलणं होतं त्यांचं.