गडावरच्या लग्नाचं वाटपत्र

दुर्गसेन राजाने ठरवलं की मुलीचं लग्न चंद्रकड्यावरच लागेल. चंद्रकडा हा त्याचा लाडका डोंगरी किल्ला. वरची हवा अशी की माणसाला दुप्पट भूक लागावी, आणि वाट अशी की ती भूक निम्म्या घाटातच लागावी. प्रधानांनी राजधानीतला चौक सुचवून पाहिला, राणीने नदीकाठची आमराई सुचवली. राजा ऐकेना. उलट त्याने आणखी एक हुकूम सोडला. चारशे पाहुणे येणार. त्यांतल्या एकानेही गैरसोय झाली म्हणून कुरकुर करता कामा नये.

हुकूम ऐकल्यावर एकेका कारभाऱ्याची तब्येत बिघडू लागली. त्याला कारणही तसंच होतं. नवऱ्यामुलाच्या आत्या भागीरथीबाई लग्नाला येणार होत्या. या बाई आजवर दोन लग्नांतून रुसून परतल्या होत्या, एकदा वरणात मीठ कमी पडलं म्हणून आणि एकदा बसायचा पाट डुगडुगला म्हणून. दोन्ही वेळा निम्मं वऱ्हाड त्यांच्यामागून चालतं झालं होतं.

शेवटी प्रधानांना धुरपा आठवली. गडाच्या पायथ्याची धर्मशाळा ती वीस वर्षं सांभाळत होती. दमलेला माणूस कशाने चिडतो आणि कशाने निवळतो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. राजाने तिला बोलावून काम सोपवलं, आणि वर अट घातली की गैरसोयीची एक जरी कुरकुर कानावर आली तर धर्मशाळा दुसऱ्याच्या हाती जाईल. त्या धर्मशाळेवाचून धुरपाला दुसरं घर नव्हतं. तरी तिने धीर करून एवढंच मागितलं, की पाहुण्यांना वाट आणि मुक्काम कळवणारं पत्र ती सांगेल तसंच लिहिलं जावं. राजा मांडवाचं कापड निवडण्यात गुंग होता. त्याने मान डोलावली.

पत्र लिहायला म्हातारे चिटणीस विसाजीपंत बसले. त्यांनी आपल्या मनाने 'स्वर्गतुल्य गड' आणि 'फुलांच्या पायघड्या' इथवर मजल मारली होती. धुरपाने ते खोडायला लावलं आणि आपला मजकूर सांगायला सुरुवात केली. गाड्या पायथ्याशीच सोडाव्या लागतील. डोली मिळेल, पण भोई वळणावळणाला तंबाखू मळायला थांबतात. उतरायची सोय घोड्यांच्या पागेत केली आहे. घोडे हलवले आहेत, वास हलला तर हलला. टाक्याचं पाणी इतकं गार की आंघोळीला धाडस लागेल. माणशी दोन घोंगड्या आणाव्यात आणि माकडांपासून शेले सांभाळावेत. घाटात चौदा वळणं आहेत.

इथे पंतांची लेखणी थांबली. वळणं अकराच आहेत, असं ते म्हणाले.

"लिहा चौदा," धुरपा म्हणाली. "वर चढून दमलेल्या माणसाला तीन वळणं बक्षीस मिळू देत की."

पंतांनी हसत हसत चौदा लिहिलं. राजाने न वाचताच शिक्का उठवला आणि जासूद चारही दिशांना गेले.

पत्र गेलं म्हणून धुरपा स्वस्थ बसली नाही. तिने पागा धुऊन सारवून घेतल्या, भिंतींना चुना लावला, दाराला वाळ्याचे पडदे सोडले. भोयांची तंबाखू कमरेच्या चंच्यांसकट काढून ठेवली. टाक्याशेजारी चुली मांडून त्यांवर पाण्याचे हंडे चढवले. तरीही वऱ्हाड यायच्या दिवशी तिला सकाळपासून घास गेला नाही. गडाच्या दरवाजाशी ती उभी होती ती हात पदरात घट्ट धरून.

पहिली डोली भागीरथीबाईंचीच आली. बाई वळणं मोजत आल्या होत्या. अकराव्या वळणावर दरवाजा दिसला तसं त्यांनी भोयांना दोनदा विचारलं, गड हाच ना? पुढे कढत पाण्याची आंघोळ झाली, वाळ्याच्या वासाची पागा दिसली, आणि बाईंच्या कपाळावरची आठी कुठल्या कुठे गेली. मागून येणारा जो तो हेच म्हणत होता, की आम्ही कायकाय मनात धरून आलो होतो आणि इथे केवढी बडदास्त! लग्न थाटात लागलं. चार दिवस कुणी रुसलं नाही.

निघायच्या दिवशी मात्र भागीरथीबाई ते पत्र घेऊन राजापुढे आल्या आणि भरल्या दरबारात म्हणाल्या, "व्याहीराजे, माझी एक तक्रार आहे. तुमच्या पत्रात लिहिलंय की माकडांपासून शेले सांभाळा. मी चार दिवस शेला मुठीत धरून बसले. एकही माकड फिरकलं नाही."

राजाने पत्र हातात घेतलं. आपल्याच शिक्क्याखाली पागा, वास आणि माकडं वाचून त्याचा चेहरा लाल झाला. त्याने धुरपाला बोलावून घेतलं. गडाची अब्रू चारही मुलखांत घालवलीस, असं तो गरजला.

धुरपाने वाकून मुजरा केला. "महाराज, पाहुणा घरून निघतो तोच तक्रारी गाठोड्यात बांधून. मी त्या आधीच पत्रात लिहून टाकल्या. इथे आल्यावर त्यांना बोलायला काही उरलं नाही."

"उरलं कसं नाही?" राजा म्हणाला. "ही एक तक्रार भर दरबारात झाली. अट मोडली. धर्मशाळा गेली."

धुरपाने एकदा भागीरथीबाईंकडे पाहिलं आणि मग राजाकडे.

"महाराज, हुकूम होता की गैरसोय झाली म्हणून कुणी कुरकुरू नये. आत्याबाई तर गैरसोय कमी पडली म्हणून कुरकुरतायत."

आधी भागीरथीबाईच हसल्या, आणि त्या हसतात हे पाहून सगळं वऱ्हाड हसलं. राजाने गंभीर राहायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण मिशा थरथरल्या आणि तोही पोट धरून हसत सुटला. धर्मशाळा त्याने तिथल्या तिथे धुरपाच्या नावे कायमची करून दिली, तिच्या अंगणात दगडी विहीर बांधायचा हुकूम काढला, आणि आपल्या खांद्यावरचा जरीचा शेला उतरवून स्वतःच्या हाताने तिला दिला.