वाढवलेले इंजिन

घाटाखालच्या एका गावात दिगंबर पेडणेकर नावाचे गिरणीवाले राहत असत. गावात दुसरीही गिरणी होती, पण जाणती माणसे दळण यांच्याकडेच आणत, कारण ते गिरणीला घाई करू देत नसत. कोणी म्हणाले, "दिगंबरराव, जरा लवकर," तर ते म्हणत, "लवकर हवं असेल तर दाणेच खा." दाणे एकदम लोटले की दगड तापतो आणि पीठ करपते, हे त्यांना ठाऊक होते. पट्ट्याचा आवाज किंचित बदलला, तरी ते भरल्या ताटावरून उठून गिरणी बंद करायला जात.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई यांची मूत्रपिंडे थकली होती. त्यांना आठवड्यातल्या ठरलेल्या वारी घाटावरच्या शहरात डायलिसिसला जावे लागे. तिथे मशीन मोजकी होती आणि माणसे पुष्कळ, त्यामुळे प्रत्येकाची वेळ बांधलेली. ती चुकली तर पुढची पाळी कधी मिळेल, ते कोणी सांगू शकत नसे. धाप आणि सूज मात्र न सांगता हजर होत.

दिगंबरराव त्यांना आपल्या जुन्या डिझेल गाडीतून नेत. गाडी म्हातारी होती, पण भरवशाची. घाट ती हळूहळू, स्वतःशी पुटपुटत चढे. एकदा चढावर दिगंबररावांनी शेजारी पाहिले, तर मंदाकिनीबाईंचा चेहरा त्यांना फार दमलेला वाटला. हिला हा रस्ता सोसत नाही, असे त्यांनी ठरवून टाकले. खरे काय ते सांगणारे माणूस हाताच्या अंतरावर बसले होते. पण बायकोच्या मनातले न विचारता ओळखता येते, असा नवरेमंडळींचा समज असतो, आणि तो मोडायला सहसा कोणी धजत नाही.

त्या शहरात एक तरुण गाड्यांची ताकद वाढवून देत असे. मंदाकिनीबाई मशीनवर असताना दिगंबरराव त्याच्याकडे गेले.

तरुण म्हणाला, "इंजिनाला डिझेल किती आणि हवा किती, ते आतला एक छोटा संगणक ठरवतो. मी त्याचा हिशेब बदलतो. याला रिमॅप म्हणतात. कंपनीने थोडी ताकद राखून ठेवलेली असते, ती मोकळी होते."

"मग कंपनीनेच का नाही दिली?"

"काका, तिला सगळ्यांचा विचार करावा लागतो. खराब डिझेल, कडक ऊन, चढ, ऑइल बदलायला विसरणारे लोक. म्हणून ती हात राखून देते. तुमची गाडी जुनी आहे. आधी क्लच आणि टर्बो तपासू. ते झिजले असतील तर ही ताकद त्यांना झेपायची नाही. गाडी ठेवून जा."

"ठेवून कसं चालेल? आम्हाला घरी जायचंय. ते पुढच्या खेपेला बघू. आज ताकद तेवढी दे."

"मग मागाहून मला बोलायचं नाही."

"गाडी माझी आहे, बाबा. बोललो तर स्वतःलाच बोलेन."

तरुणाने बॉनेटसुद्धा उघडले नाही. स्टिअरिंगखाली एक वायर लावली, लॅपटॉपवर बोटे चालवली आणि काम झाले. इतक्या सहज होणारी गोष्ट कंपनीने का केली नसावी, हा प्रश्न दिगंबररावांना पुन्हा पडला. प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर मात्र त्यांनी स्वतःच देऊन टाकले: कंपनीवाले आळशी.

पुढच्या वारी गाडी घाटात अशी सुटली की जणू मागे कोणी लागले आहे. मासळीचा एक टेम्पो रोज कोकणातून वर जाई. त्याला मागे टाकताना दिगंबररावांनी उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

"गाडीला काय झालंय?" मंदाकिनीबाईंनी दांडा घट्ट धरून विचारले.

"सर्व्हिसिंग केलंय."

ती दोघे फार लवकर पोचली. पण मशीन आपल्या वेळेलाच मोकळे झाले. त्यामुळे लवकर पोचण्याचा लाभ एवढाच झाला, की दवाखान्याच्या लाकडी बाकावर अधिक वेळ बसता आले.

काही दिवसांनी इंजिनातून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारे छोटे चक्र. ते दमले होते आणि तसे सांगत होते. मग मागून काळा धूर निघू लागला. चढावर जळकट वास येऊ लागला. गिरणीच्या पट्ट्याची कुरकुर शेजारच्या घरातून ओळखणाऱ्या माणसाने यावर उपाय म्हणून गाडीत गाणी लावली. गिरणीत फक्त पीठ होते. इथे बायकोची काळजी होती, आणि काळजीने माणूस बहिरा होतो.

एका सकाळी अर्ध्या घाटात तो मासळीचा टेम्पो पुन्हा पुढे दिसला. दिगंबररावांनी गाडी बाहेर काढून जोर दिला. इंजिन मोठ्याने ओरडले, पण गाडी पुढे सरकेना. क्लच जळाला होता. त्यांनी आणखी जोर दिला. शिट्टीची किंकाळी झाली, मागे पांढऱ्या धुराचा ढग उठला आणि सगळे गप्प झाले. टेम्पो वळणापलीकडे निघून गेला. दिगंबररावांनी गाडी कशीबशी कडेला घेतली, उतरून चाकाखाली दगड लावला आणि तिथेच उभे राहिले.

मंदाकिनीबाई खाली उतरल्या. "खरं सांगा, काय केलंत हिला?"

"ताकद वाढवून घेतली होती."

त्यांनी धुराकडे पाहिले. "मग बरोबर आहे. नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, तसं तुम्ही इंजिन वाढवलंत."

एरवी दिगंबरराव हसले असते. आता त्यांच्या मनात एकच गोष्ट होती: मशीनची वेळ. बायकोच्या पावलांना आदल्या दिवसापासूनच सूज होती. घाटात फोन लागत नव्हता. वर जाणारी एसटी केव्हाच गेली होती. मागून दुसरे वाहन दिसत नव्हते.

तेवढ्यात वळणावरून कोणीतरी चालत येताना दिसले. तो टेम्पोचा चालक हनीफ होता. आरशात धूर पाहून त्याने टेम्पो पुढे रुंद जागी थांबवला होता आणि तो उतार पायी उतरून आला होता.

"काका, माणसं ठीक आहेत ना?" त्याने विचारले. हॉर्नविषयी तो काही बोलला नाही. बोलला असता तर दिगंबररावांना सोपे गेले असते.

"मी ठीक आहे. हिला वेळेवर दवाखान्यात न्यायचंय."

"चला मग, काकी. पण पुढे एकच जागा आहे. बाकी सगळी मासळी."

दिगंबररावांनी गाडीकडे पाहिले. आयुष्यात घेतलेली पहिली आणि एकुलती गाडी. काचेला तडा जाऊ नये म्हणून खडीच्या रस्त्यावर ज्यांनी कधी दुसरा गिअर टाकला नाही, असे ते मालक. आडघाटात ती तशीच सोडायची होती.

"गाडीजवळ थांबा तुम्ही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी जाईन एकटी."

"मागे जागा आहे का रे?" दिगंबररावांनी हनीफला विचारले.

"बर्फावर बसावं लागेल, काका."

"बसतो."

आणि ते सुरमईच्या पेट्यांमध्ये, बर्फावर पोते टाकून बसले. टेम्पो नेहमीच्याच चालीने घाट चढला. प्रत्येक वळणावर त्यांना वाटे, आता हा थांबणार. तो थांबला नाही. मंदाकिनीबाई वेळेत पोचल्या. नर्सने त्यांना आत घेतले आणि स्वतःच्या नाकाला पदर लावून दिगंबररावांना अंगणात बसायला सांगितले. तिथे दवाखान्यातले मांजर दिवसभर त्यांच्या पायाशी मोठ्या आदराने बसून होते.

संध्याकाळी दोघे एसटीने परत निघाली. डायलिसिसनंतर मंदाकिनीबाईंना फार थकवा येई. त्या नवऱ्याच्या खांद्यावर डोके ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "वास येतोय तुम्हाला."

"येणारच. सरक तिकडे."

त्या सरकल्या नाहीत. "कशाला केलंत ते?"

"तुला त्रास होतो म्हणून. म्हटलं, घाट लवकर संपला तर बरं."

"मला विचारलंत?"

दिगंबररावांनी तिकिटाची घडी घातली, मग ती उलगडली.

"घरी असले की गिरणीचा आवाज," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "तिथे गेले की मशीनचा. त्या दोहोंच्या मधे तुम्ही माझ्याशी बोलता तेवढा हा घाट. आणि नेमका तोच तुम्ही कमी करायला निघालात."

एसटी वळणे घेत उतरत होती. दिगंबररावांनी बायकोचा थकलेला हात आपल्या हातात घेतला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही. कंडक्टरने हे पाहिले, पण तिकिटे तपासायची राहिल्याचे त्याला एकदम आठवले.

गाडी ओढून शहरात नेली. क्लच बदलला, टर्बो बदलला. तरुणाने जुना हिशेब परत घालताना विचारले, "काका, आता भाग नवे आहेत. थोडी ताकद राहू देऊ का?"

"नको. कंपनीने दिली तेवढीच असू दे."

"का? आता झेपेल की गाडीला."

"गाडीला झेपेल रे," दिगंबरराव म्हणाले. बाकीचे त्यांनी सांगितले नाही.

पुढच्या वारी गाडी पुन्हा पुटपुटत घाट चढू लागली. पहिल्याच चढावर पुतणीच्या लग्नात आमटी खारट झाली होती की नाही, यावरून दोघांचे भांडण जुंपले. वळणामागून वळणे गेली, आचाऱ्याची सात पिढ्यांची चौकशी झाली, तरी निकाल लागेना. दवाखाना आला तेव्हा मंदाकिनीबाईंचा सगळ्यात जोरदार मुद्दा सांगायचा राहिला होता.

"तो येताना सांगते," त्या म्हणाल्या, आणि हसत आत गेल्या.

तात्पर्य: जपून राखलेल्या ताकदीला आळस समजू नये, आणि आपल्या माणसाची वाट कमी करायला निघण्याआधी, ती त्याला लांब झाली आहे का, हे एकदा त्यालाच विचारावे.