गोंदा पाणी सोडणार होता

एका वाडीत गोंदा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? बायकोनं सांगितलं, "दुधावर लक्ष ठेवा," की हा लक्ष ठेवायचा. दूध उतू जायचं, चूल विझायची, पण याचं लक्ष काही हलायचं नाही. त्यामुळे गोंदाचं कुठलंच काम टिकत नव्हतं, आणि त्याची बायको सगुणा अगदी कावून गेली होती.

अशात वाडीचा पाणी सोडणारा म्हातारा लेकाकडे शहरात राहायला गेला. रोज सकाळी टाकीची चावी फिरवायची आणि नळांना पाणी सोडायचं, एवढंच काम. ते आता कोणाला द्यायचं, हे ग्रामसभेत ठरणार होतं. एकीकडे गोंदा, दुसरीकडे सरपंचांचा भाचा पिराजी. पिराजी उठायचाच मुळी जेवणाच्या वेळेला. म्हणून अख्ख्या वाडीला मनातून गोंदाच हवा होता. बाया तर उघड म्हणायच्या, "गोंदाला एकदा सहा म्हणून सांगा. आभाळ कोसळलं तरी सहालाच पाणी येईल."

सगुणा हरखून गेली. एवढं काम मिळालं की घर मार्गी लागणार होतं. तिनं गोंदाला समोर बसवलं.

"अहो, सभा होईस्तोवर जरा माणसासारखं वागा. काही सुचलं नाही तर चार लोक काय करतात ते बघा आणि तसंच करा."

"बरं," गोंदा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो ओढ्यावर गेला. तिथं चार भाऊ ओळीनं बसले होते. त्यांचा बाप वारला होता, त्या दिवशी दहावा होता आणि न्हावी एकेकाचं डोकं भादरत होता. गोंदानं मोजले. बरोबर चार. तो जाऊन पाचवा बसला. न्हाव्यानं तोंडाकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळीत बसलाय म्हणजे घरातलाच असणार. झालं, गोंदाचा चकोट.

तो चकोट वाडीत शिरला आणि एकच गोंधळ उडाला. गोंदानं डोकं भादरलं, म्हणजे त्याचे वडील तात्या गेले. तात्या तर ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. पहिला शेजारी आला आणि तोंड पाडून त्यांच्याजवळ टेकला.

"कोण गेलं रे?" तात्यांनी विचारलं.

"तुम्ही," शेजारी म्हणाला.

तात्या हसले. मग दुसरा आला. तिसऱ्यानं डोळे पुसले. पाठोपाठ बाया रडतच आल्या, आणि "फार चांगला होता हो माणूस" म्हणून तात्यांनाच सांगू लागल्या. शेवटी तात्यांनी तंबाखू टाकून दिली, आत जाऊन अंथरूण घातलं आणि आडवे झाले. सगुणाला म्हणाले, "सूनबाई, एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?" त्यांना उठवायला बिचारीला पिठलं टाकावं लागलं.

पिठलं ढवळता ढवळता तिनं गोंदाला फैलावर घेतलं. "लोकांचं बघून काही करायचं नाही. लोकांना कुठं अक्कल असते? अधिकाराचा माणूस सांगेल तेच करायचं."

"तो ओळखायचा कसा?"

"तो खुर्चीवर बसलेला असतो. बाकीचे भोवती उभे असतात."

"बरं," गोंदा म्हणाला.

दोन दिवसांनी पाटलांच्या घरी लग्न निघालं. मांडवात मधोमध खुर्चीवर नवरीचा मामा फुगून बसला होता. त्याला फेटा बांधायचं कुणीतरी विसरलं होतं. आता सगळे भोवती उभे राहून त्याला विनवत होते, "मामा, जेवायला चला."

"मला नको तुमचं जेवण," मामा गरजला. "ती बुंदी नेऊन म्हशीला घाला."

गोंदानं नीट ऐकून घेतलं. जाऊन बुंदीचं पातेलं उचललं. ते जड होतं. "जरा धरा की," तो दोघांना म्हणाला. दोघांनी धरलं. आचाऱ्यानं वाट करून दिली. एकानं पळत जाऊन गोठ्याचं दार उघडलं. कुणी सांगितलं, कशासाठी चाललंय, हे कुणी म्हणून कुणी विचारलं नाही. एवढ्या तोऱ्यात चाललाय म्हणजे वरून हुकूम असणार. म्हैस आयुष्यात पहिल्यांदा लग्नाचं जेवली, आणि चांगली दाबून जेवली. तेवढ्यात इकडे मामाचा राग उतरला. तो फेटा बांधून ऐटीत पंगतीला बसला आणि म्हणाला, "वाढा बुंदी."

सगुणानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, रागानं बोललेलं कधी खरं धरतात का? खुर्चीवरचा माणूस चिडून बोलला तर बोटसुद्धा हलवायचं नाही. हसून, गोड बोलला तरच ऐकायचं. उद्या सभा आहे. एवढं तरी ध्यानात ठेवा."

"ठेवलं," गोंदा म्हणाला. आणि खरंच ठेवलं. विसरला असता तर किती बरं झालं असतं हो.

सभा देवळापुढं भरली. सरपंच सर्जेराव खुर्चीवर. पिराजी खांबाला टेकून. एका अंगाला बाया, त्यांत सगुणा पुढं. तात्यासुद्धा काठी टेकत आले होते. सर्जेरावांना वाडीचं मन ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या कपाळावर आठ्याच आठ्या.

"गोंदाला काम द्यावं असं ज्याला वाटतंय, त्यानं करा हात वर," ते खेकसले.

गोंदानं पाहिलं. खुर्ची आहे. राग आहे. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घालून घट्ट दाबून धरले.

लोकांचे हात तर निघाले होते. पण निघता निघता प्रत्येकानं गोंदाकडे पाहिलं. ज्याला काम पाहिजे तोच हातांवर बसलाय. म्हणजे आतून काहीतरी ठरलेलं दिसतंय. मग एकानं उचललेल्या हातानं कान खाजवला. दुसऱ्यानं टोपी नीट केली. बघता बघता सगळी सभा कान खाजवायला लागली. एकट्या सगुणाचा हात वर गेला होता. पण सगळ्या बाया वळून तिच्याकडे बघायला लागल्या, तसा तिनंही त्याच हातानं पदर सारखा केला.

सर्जेरावांना आधी खरंच वाटेना. मग त्यांचा चेहरा खुलला. "आता आमच्या पिराजीला द्यावं असं वाटत असेल," ते हसून, अगदी लाडात म्हणाले, "तर करा बरं जरा हात वर."

गोंदानं पाहिलं. खुर्ची आहे. हसू आहे. त्यानं दोन्ही हात वर केले.

ते बघून शेजारच्यानं केला. त्याचं बघून पुढच्यानं. तात्यांनी मागं वळून माणसं पाहिली आणि काठीसकट हात वर केला. बायांच्या बाजूलाही बांगड्या वाजल्या. अख्ख्या सभेत एकच माणूस हात खाली ठेवून होता. पिराजी. तो झोपला होता.

"एकमतानं मंजूर," सर्जेराव म्हणाले.

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातातोंडाशी आलेलं काम गेलं, आणि तेही नवऱ्यानंच घालवलं. ती ताडकन उभी राहिली.

"अहो, अक्कल गहाण टाकलीय का तुम्ही?" ती भर सभेत म्हणाली. "कुणीही म्हणालं हात वर करा, की लगेच करायचा?"

आणि सगळ्यांदेखत त्याच्याकडे बोट दाखवावं म्हणून ती हात उचलायला गेली. तो आधीच वर होता.